परत लावलेलं कुलूप

१

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आश्लेषा शाळेच्या बसमधून उतरली. लिफ्टपर्यंत न जाता ती इमारतीच्या पायरीवरच बसली.

ठकुबाई भाजी घेऊन परतत होत्या, त्यांनी तिला पाहिलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरतायत. वर्षभर या घरात स्वयंपाक करणाऱ्या ठकुबाईंना काय झालंय ते सांगावं लागलं नाही. पिशवीतला साखरेचा पुडा त्यांनी दातांनी फाडला आणि साखर तिच्या हातावर ओतली.

"चाव. बोलू नगंस, आदी चाव."

बारा वर्षांच्या आश्लेषाला अडीच वर्षांपासून मधुमेह होता. लहान मुलांना होतो तो, इन्सुलिनवर चालणारा. तिच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असे. दर पाच मिनिटांनी तो रक्तातली शुगर मोजून आकडा दप्तरातल्या फोनवर पाठवायचा आणि तिथून तो आईच्या, मनस्विनीच्या, फोनवर जायचा. आकडा सत्तरच्या खाली गेला की मनस्विनीचा फोन किंचाळायचा. त्या आवाजाने ती झोपेतूनही उठे.

त्या दिवशी आकडा छप्पन होता. मनस्विनी वर, एचएसआर लेआउट या वस्तीतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी ऑफिसची मीटिंग करत होती. फोन लॅपटॉपला टेकून ठेवलेला होता आणि तो एकदाही वाजला नव्हता.

आश्लेषाचे हात थरथरायचे थांबल्यावर मनस्विनीने फोन उचलला. शुगरचं ॲप पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात असायचं. ती जागा रिकामी होती.

पडद्याआडून साडेचार वर्षांची संहिता बघत होती. दुपारी बारा वाजता जेवताना फोन तिच्याच हातात होता. महिन्याभरात तिने आईच्या फोनवरून टॅक्सीचं ॲप उडवलं होतं, दुधाचं उडवलं होतं, बाबांच्या फोनवरून ऑफिसचं एक उडवलं होतं.

"संहिता, तू काढलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"मी नाही काढलं."

तिच्या बोलण्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

२

शनिवारी सकाळी, घरात डोसे होत असताना, रघुनंदनने बायकोच्या फोनला कुलूप घातलं. फोनच्या सेटिंगमध्येच तशी सोय होती. चार आकड्यांचा कोड टाकल्याशिवाय कुठलंही ॲप काढता येणार नाही. कोड फक्त त्याला आणि मनस्विनीला माहीत.

"आता हत्ती जरी नाचला फोनवर तरी काही जाणार नाही," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी दुपारी साडेतीनला मनस्विनीने सहज फोन उघडला. ॲप नव्हतं.

तिने ते परत टाकलं. आकडा एकशे चार होता, आश्लेषा ठीक होती. तिने लगेच रघुनंदनला कळवलं. रघुनंदनने ऑफिसातून आल्या आल्या सेटिंग तपासली. कुलूप जागच्या जागी होतं, बंद.

"मी कोड टाकताना हिने बघितला असणार," तो संहिताकडे बघत म्हणाला. "दहापर्यंत आकडे येतात तिला."

"मी नाही काढलं," संहिता म्हणाली. या वेळी ती रडली नाही. आपल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मनस्विनीच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "ठकुबाई, फोन सकाळी स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. तुम्ही तर कधी हात लावला नाही ना?"

ठकुबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "वैनी, त्या पोरीच्या तोंडात साखर मी घातली. आन मीच तिचं यंत्र बंद करणार व्हय?" त्यांनी हात धुतले. "सोमवारपासनं चार दिस सुट्टी द्या. निपाणीला जाऊन येते."

घरातलं एक माणूस बोलेनासं झालं होतं, दुसरं निघून चाललं होतं आणि पुढचा गुरुवार येणारच होता. रघुनंदनने शहरातच, बसवनगुडीला राहणाऱ्या आपल्या आत्याला फोन लावला.

३

वसुमती आत्या सदुसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कॉपीची प्रकरणं तपासली होती. समोर बसलेला मुलगा घाबरून खोटं बोलतोय की घाबरून खरं बोलतोय, एवढंच आपल्याला कळतं, असं त्या सांगत.

रविवारी त्या आल्या, कॉफी घेतली आणि म्हणाल्या, "मला एकेकाशी स्वल्प बोलू द्या. सगळे एकदम नकोत."

आधी संहिता. आत्यांनी आपला जुना फोन तिच्या मांडीवर ठेवला. "तू ॲप कसं काढतेस ते मला येत नाही. शिकव ना."

संहिताने संशयाने पाहिलं. "रागावणार नाहीस?"

"नाही."

तिने एका चित्रावर बोट दाबून धरलं. पडद्यावरची सगळी चित्रं थरथरू लागली. "बघ आत्याअज्जी, नाचतात! मग फुली येते. फुली दाबायची. मग दोन शब्द येतात, त्यातला लाल दाबायचा." आत्यांचं पंचांग क्षणात नाहीसं झालं.

"सरी, ठीक. आता आईच्या फोनवर दाखव."

संहिताने आईच्या फोनवर बोट दाबून धरलं. चित्रं हललीच नाहीत. "इथे आता फुली येतच नाही. बाबांनी काढून टाकली."

"कधीपासून?"

"डोसे केले त्या दिवसापासून. मी रोज बघते. येत नाही."

मग ठकुबाई. त्या सुट्टीसाठी सामान बांधत होत्या आणि बोलायची त्यांची इच्छा नव्हती. आत्यांनी फोनचा विषयच काढला नाही. त्या तिथेच बसून घेवड्याच्या शेंगा सोलू लागल्या. "कामाचा फार ताण आहे का हो इथे?"

"काम काय, हाय तेवडंच. गुरुवारचे पायमोजे तेवडे जिवावर येत्यात. लाल माती. दोनदा घासलं तरी जाईना बगा, अक्का."

"कुणाचे?"

"थोरलीचे. आनि कुनाचे?"

मनस्विनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत्यांनी विचारलं, "आशूचा खो-खो कसा चाललाय?"

"सोडला तिने. तीन महिने झाले," मनस्विनी म्हणाली. "बरंच झालं. सरावाच्या वेळी मी ॲप नव्वदलाच वाजेल असं लावायचे, वाजलं की माझा जीव वर. मी शाळेला फोन करायचे. सर तिला बाहेर बसवायचे. शेवटी तीच म्हणाली, नाही खेळत."

"पहिल्या गुरुवारी फोन दुपारी बारापर्यंत तुझ्याकडेच होता?"

"हो. फक्त सकाळी सातला आशू घेते दहा मिनिटं, शाळेची बस कुठवर आली ते बघायला. मी तेव्हा संहिताचं आवरत असते."

"आणि त्या सकाळी ॲपचा काही आवाज?"

मनस्विनी चिमटा हातात धरून आठवत राहिली. "नाही. रोज नऊला एकदा वाजतं. नाश्त्याने शुगर चढते ना, त्याचा सूर वेगळा आहे. त्या दिवशी वाजलं नाही. मीटिंगमध्ये मला वाटलंसुद्धा, आज किती छान दिवस आहे."

 शेवटी आत्या रघुनंदनजवळ येऊन बसल्या.

"कोड काय आहे?"

"आत्या, कोड बाहेरच्या कुणालाही सुचणार नाही असा आहे."

"तोच सांग."

"एकोणीस शून्य आठ. एकोणीस ऑगस्ट." तो थांबला. "आशूला पहिल्यांदा आयसीयूत ठेवलं ती तारीख."

आत्यांनी कप खाली ठेवला. कुणी काढलं ते आता त्यांना कळलं होतं. का काढलं ते तेवढं कळायचं होतं.

४

आत्यांनी कुणावर बोट ठेवलं नाही. बुधवारी संध्याकाळी त्या परत आल्या आणि संहिताला दोन दिवसांसाठी बसवनगुडीला घेऊन गेल्या. पोरीला जरा हवापालट, एवढंच सांगितलं. ठकुबाई निपाणीला होत्या. रघुनंदन कामासाठी हुबळीला गेला होता.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आत्यांचा फोन वाजला.

"आत्या, संहिता तुमच्याकडेच आहे ना?" मनस्विनी घाईघाईने बोलत होती.

"माझ्यासमोर उप्पीट खातेय."

"आज नऊचा सूर वाजला नाही. म्हणून फोन उघडला. ॲप नाहीये! कुलूप बंदच आहे. घरात मी एकटी आहे. आत्या, मग काढलं कुणी?"

"आधी ते परत टाक," आत्या शांतपणे म्हणाल्या. "आकडा बघ आणि मला सांग."

"एकशे सत्तर."

"छान. आता माझं एक ऐकशील? दुपारी आकडा खाली येईल. आला तरी शाळेला फोन करायचा नाही. मला करायचा. मी तिच्याजवळ असेन, पर्समध्ये साखर घेऊन."

"तुम्ही शाळेत? कशाला?"

"संध्याकाळी सांगते. तेवढा धीर धर."

५

शाळेचं मैदान लाल मातीचं होतं. फाटकावर "मुलीची अज्जी" एवढं सांगितलं, तेवढं पुरलं. कडेला करंजाच्या झाडाखाली आत्या बसल्या, शेजारी संहिता. शेवटचे दोन तास सरावाचे होते. योगीराज सर शिट्टी घेऊन उभे होते आणि पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत, तिसऱ्या चौकटीत, आश्लेषा होती.

"अक्का!" ताईला बघून संहिता ओरडणार होती. आत्यांनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

खो मिळाला. आश्लेषा उठली आणि धावली. खांबाला हात लावून अर्ध्या पावलात वळली, झेपावली, गडी बाद. सदुसष्ट वर्षांच्या बाईलाही टाळी वाजवावीशी वाटली.

पर्समध्ये फोन थरथरला. "आत्या, अठ्ठ्याण्णव! आणि बाण खाली दाखवतोय! ती काय करतेय?"

आत्यांनी मैदानाकडे पाहिलं. कडेला बसलेल्या एका मुलीच्या हातात आश्लेषाचा फोन होता. तिने तो उंचावून दाखवला होता. आश्लेषाने सरांना हात केला, बाहेर आली, पिशवीतून केळं काढलं, दोन खजूर काढले.

"केळं खातेय," आत्या म्हणाल्या.

"कुणी दिलं?"

"तिचं तिने आणलंय. बरोबर मैत्रीण आहे, आकडा तीच बघत होती. आता बसलीय. पाणी पितेय. थांब, फोन ठेवू नकोस."

दोघी फोनवर थांबल्या. एचएसआर लेआउटमधल्या त्या घरात मनस्विनी टेबलाची कड धरून उभी होती. पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच.

"एकशे सहा," मनस्विनी हळूच म्हणाली. "बाण सरळ झाला."

"सरी. आता ठेवते."

आश्लेषा परत मैदानात जायला उठली आणि तिची नजर झाडाखाली गेली. ती जागीच थांबली. मग सावकाश चालत आली.

"आत्याअज्जी, आईला माहीत आहे?"

"मी तुझ्याजवळ आहे एवढं. बाकीचं मी सांगितलेलं नाही." आत्यांनी शेजारची जागा झटकली. "बैस."

आश्लेषा बसली नाही. "तुला कसं कळलं?"

"दार उघडून वस्तू नेणारे पुष्कळ असतात, बाळ. पण जाताना परत कुलूप लावून जाणारं माणूस घरचंच असतं. साडेचार वर्षांची पोर कुलूप कशाला लावेल? तिला तर ते असतं हेच माहीत नाही. तिला फक्त फुली दिसेनाशी झाली होती. पहिल्या गुरुवारी नऊचा सूर वाजला नाही, म्हणजे ॲप नऊच्या आधीच गेलं. संहिताच्या हातात फोन आला बाराला. नऊच्या आधी फोन एकट्याने कोण घेतं? बस बघणारी. ठकुबाई घरात आल्या वर्षापूर्वी, त्यांना तुझ्या आयसीयूची तारीख कुठून माहीत असणार? आणि खो-खो सोडलेल्या मुलीच्या मोज्यांना दर गुरुवारी लाल माती लागते. एकच मला कळेना. तू तुझाच फोन का बंद केला नाहीस?"

"तो बंद केला की सिग्नल गेला म्हणून आईचा फोन वीस मिनिटांत ओरडतो." आश्लेषा खाली बघत म्हणाली. "तिचं ॲप काढलं तर काहीच वाजत नाही. त्या दिवसाच्या आधी चार गुरुवार मी काढलं होतं. संध्याकाळी परत टाकून द्यायची. कुणाला कळलं नाही."

"त्या दिवशी काय झालं?"

"सर म्हणाले अजून एक डाव. मी केळं न खाताच खेळले. चूक झाली. म्हणून मग प्रणिताला फोन धरायला सांगितलं."

"कोड?"

आश्लेषा कडवट हसली. "तो काय ओळखायचा? बाबांचे सगळे कोड तेच आहेत. वायफायचा तोच, त्यांच्या बॅगेचा तोच. घरात काहीही उघडायचं असलं की मी आजारी पडले ती तारीख दाबायची."

 मैदानात शिट्टी वाजली.

"मग आज का काढलंस?" त्यांनी विचारलं. "संहिता माझ्याकडे, ठकुबाई गावी. आज तूच सापडणार हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं." तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच आज काढलं. आज संघाची निवड आहे. आणि आज तिच्यावर आलं नसतं." तिने संहिताकडे पाहिलं. "दोन वेळा तिच्यावर आलं आणि मी गप्प बसले."

संहिताला सगळं समजलं नव्हतं, पण एवढं समजलं. ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं, मी नाही काढलं."

"हो," आश्लेषा मातीत गुडघे टेकून म्हणाली. "तू खरं सांगत होतीस. मी काढलं."

"मग तू सांग सगळ्यांना."

आत्या म्हणाल्या, "ऐकलंस? मी घरी एक शब्द बोलणार नाही. तू बोलशील. आधी जा, डाव पुरा कर."

६

रघुनंदन त्याच संध्याकाळी सातला हुबळीहून पोचला. आत्या आणि संहिता आधीच आल्या होत्या. आश्लेषाने सगळं उभ्यानेच सांगितलं, एका दमात. चार गुरुवार, मग आणखी तीन. संहिताचं नाव आलं तेव्हा तिने तिच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य पुरं केलं.

मनस्विनीने फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी छप्पन होता. पायरीवर ठकुबाई आल्या नसत्या तर? मी दोन मजले वर बसले होते, आशू. आज किती छान दिवस आहे म्हणत होते मी."

"चुकलं माझं, आई."

"चुकलंच. पण मी तुला खेळू दिलं असतं का? विचारलं असतंस तर?"

 उत्तर मनस्विनीनेच दिलं. "नसतं दिलं."

 "कोड तसा का ठेवला मला माहीत नाही," रघुनंदन म्हणाला. "डोक्यात तीच तारीख येते, दुसरी येतच नाही. तुला रोज ती दाबावी लागते, हे माझ्या लक्षातच आलं नाही." त्याने आधी वायफायचा कोड बदलला, मग बॅगेचा. फोनच्या कुलपाचा बदलायला मात्र त्याने फोन बायकोच्या हातात दिला. "तू ठेव. मलाही सांगू नकोस."

कुलूप काढायचं नाही, हे आश्लेषानेही मान्य केलं. ॲप राहील. पण सरावाच्या वेळी ते फक्त सत्तरच्या खाली गेल्यावर वाजेल; नव्वदला नाही. सरांना आणि प्रणिताला काय करायचं ते डॉक्टर स्वतः समजावतील. आणि शाळेला फोन करण्याआधी मनस्विनी दहा मिनिटं थांबेल. त्या दहा मिनिटांवर अर्धा तास वाद झाला. ती पाचवर अडली होती. शेवटी सातवर तडजोड झाली.

ठकुबाई शुक्रवारी परतल्या. मनस्विनी दारातच त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी तसं विचारायला नको होतं."

"नगंच हुतं," ठकुबाई म्हणाल्या आणि आत जाऊन पदर खोचला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "संहिता कुटं हाय? तिला गरम पोळी खा म्हनावं. चार दिवसांत वाळली पोर."

आश्लेषाची निवड झाली होती. पहिला सामना पुढच्या शनिवारी होता. सगळे गेले, आत्यासुद्धा. मनस्विनीने फोन पर्समध्ये ठेवला, पर्स मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ती धरून बसली. पहिल्या डावात आश्लेषाने दोन गडी बाद केले. दुसऱ्या डावात पळताना ती चौथ्या मिनिटाला बाद झाली आणि धापा टाकत कडेला आली. प्रणिताकडून फोन घेऊन तिने पाहिला, खजूर तोंडात टाकला.

मनस्विनी उठणार होती. रघुनंदनने तिच्याकडे पाहिलं, ती बसून राहिली.

आश्लेषाने मैदानाच्या त्या टोकावरून आईला शोधलं. दोन्ही हात तोंडाशी धरून ती ओरडली, "आई, एकशे बारा!"

आणि आई काय म्हणते ते न ऐकताच ती परत आपल्या संघाजवळ जाऊन बसली.